ताटातलं मत

चन्नवीर गल्लीत शिरला तो सोमवारी सकाळी, अंघोळ करून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून आणि अनवाणी. एरवी हा माणूस कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंतसुद्धा बुलेटवरून जातो. त्यामुळे त्याचे मोकळे पाय बघताच सावित्रम्मानं ओळखलं, निवडणूक लागली.

त्याच्यामागं दोन कार्यकर्ते होते आणि त्यांतल्या एकाच्या हातात पितळी ताट. ताटात बेलाची पानं, बाळे गावच्या खंडोबाचा भंडारा, सिद्धरामेश्वरांची तसबीर आणि मधोमध नारळ. घर कुठल्याही देवाला मानणारं असो, ताट तेच. चन्नवीरचा धंदा चादरींचा. एकाच गठ्ठ्यात सगळ्या गिऱ्हाइकांची आवड बांधायची त्याला सवय होती.

सावित्रम्माचा धंदा कडक भाकरीचा. मंगळवेढ्याची ज्वारी, अंगणात तीन चुली, भोवती गल्लीतल्या पाच-सहा बायका, आणि पापडासारख्या पातळ भाकऱ्यांची चळत. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"अक्का, हात धुवा की जरा," चन्नवीर म्हणाला.

"कशाला? भाकरी हवी तर अशीच देते."

"भाकरी न्हाय, शब्द पायजे. यंदा महापालिकेला उभा राहतोय. बेल-भंडारा उचला आन म्हना, मत चन्नवीरलाच."

बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे इकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पोलिओच्या डोसाबरोबरच ते पोटात जातं. आणि दारात आलेल्या ताटाला नाही म्हणायची सोय नसते. माणसाला म्हणता येतं, "बघू", "विचारून सांगते", "हे घरी न्हाईत". देवाच्या ताटाला काय सांगणार, विचारून सांगते?

सावित्रम्मानं हात धुतले. बेलाचं पान उचललं, भंडारा कपाळाला लावला आणि म्हणाली, "मत चन्नवीरलाच." तिच्यामागं सोनाबाई उठली, तिच्यामागं बाकीच्या. तव्यावरची भाकरी करपायच्या आत सगळं अंगण बांधलं गेलं.

तेवढ्यात घरातून सिद्धप्पा बाहेर आले. सावित्रम्माचे यजमान, निवृत्त शिक्षक. पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला तो विषय, जो परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात. सरांना मात्र तो तोंडपाठ होता आणि ते तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. आत्ताही त्यांनी घडी केलेला पेपर वर उचलून तोंड उघडलं होतं. चन्नवीरनं त्याआधीच वाकून त्यांचे पाय धरले.

"सर, तुमचाच विद्यार्थी. आशीर्वाद द्या."

सावित्रम्मा करपलेली भाकरी काढायला वळली. ती परत बघते तो ताट पुढं सरकलेलं आणि सर पेपर काखेत दाबून घाईघाईनं आत निघालेले. पेपराच्या कडेला एक पिवळं बोट उमटलं होतं. सावित्रम्मानं ते बघितलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. संसारात काही गोष्टी वेळेसाठी राखून ठेवाव्या लागतात.

ताट गल्लीभर फिरलं. फक्त मेहबूब टेलरच्या दारात थांबलं नाही. मेहबूबभाई उशांच्या खोळी शिवत बसला होता. मंडळी येताना दिसली तसा तो अर्धवट उठला, टोपी नीट केली. ताट पुढच्या दारात गेलं. तो परत खाली बसला आणि मशीन चालू केली. सावित्रम्माला ते मशीनचं वाजणं उगाच मोठं वाटलं.

खरी पंचाईत पुढच्या आठवड्यात झाली. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी शिवलीलानं अर्ज भरला.

शिवलीला म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारी, बार्शीच्या कॉलेजात शिकून इथं सून म्हणून आलेली. नवरा संगमेश अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात; ही घरी दहावीच्या शिकवण्या घेते. गल्लीला पाणी यायचं पाचव्या दिवशी, तेही पहाटे तीनला. बायका झोपेत हंडे भरायच्या आणि दिवसभर पेंगत भाकऱ्या थापायच्या. या पोरीनं वर्षभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चकरा मारून ती वेळ संध्याकाळी सहावर आणली. दिवस पाचवाच राहिला, पण पहाट सुटली. त्या पहिल्या संध्याकाळी नळावर सावित्रम्माच सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तूच उभी राहा ग बाई महापालिकेला. आमी सगळ्या तुला मतं देतो."

बोलून ती विसरली. शिवलीला विसरली नव्हती.

ती पाया पडायला आली तेव्हा गळ्यात शिट्टी होती, कारण चिन्ह शिट्टी मिळालं होतं. चन्नवीरला मिळाला पंखा आणि तिसरा उमेदवार, पेट्रोलपंपवाला उदयसिंह, त्याला कपबशी. प्रभागात तशा चार जागा, मशीनवर चार बटणं दाबायची. पण बाकीच्या तीन जागांसाठी कुणी शपथ घातली नव्हती, म्हणून तिथं कुणाची झोपही उडाली नव्हती.

"अव्वा, तुमच्या शब्दावर उभी राहिले बघा," शिवलीला म्हणाली. "पत्रकावर देवाचा फोटो टाका म्हणून सगळे मागं लागले होते. मी नळाचा टाकला. चाललं ना?"

"चाललं की."

"तुमचं मत तर हातातच आहे माझ्या. बाकीच्यांना तेवढं सांगा."

सावित्रम्मानं तिच्या हातात चार कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी दिली. सोनाबाई पिठाकडं बघत बसली. सगळं अंगण पिठाकडं बघत होतं. पोरगी खूश होऊन शिट्टी वाजवत गेली.

"वैनी, आता वं?" सोनाबाई म्हणाली.

"आता काय. थापा भाकरी."

सिद्धप्पा सर मात्र त्या दिवशी रंगात आले. जेवायला बसल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं आणि बोट वर केलं. बोट वर गेलं की तास सुरू झाला असं समजायचं.

"अगं, ही शपथच मुळात बेकायदा आहे. धर्माच्या नावानं मत मागता येत नाही. आचारसंहिता आहे, कायदा आहे. शिवाय मतदान गुप्त असतं. तू शिट्टी दाब, चन्नवीरला कळणार कुठून?"

"चन्नवीरला न्हाय कळायचं."

"मग?"

"गुप्त मतदान माणसापासनं गुप्त. देवापासनं कसं गुप्त ठेवू, ते तुमच्या पुस्तकात हाय का?"

ते पुस्तकात नव्हतं. सरांनी भाजीत बोट बुडवलं.

"मशीनला बेल-भंडारा कळत नाही," ते म्हणाले.

"मला कळतो की. बटन मशीन दाबणार हाय का मी?"

"अशानं लोकशाहीचं काय होईल सावित्रे? आज ताट, उद्या पालखी आणतील. ज्याच्या ताटात देव मोठा, तो निवडून आला! आणि त्या मेहबूबचं काय? त्याच्या दारात ताट का थांबलं नाही, विचार केलास?"

हे मात्र तिला लागलं, कारण विचार तिनं केला होता. ताट थांबलं नाही त्या दारात मेहबूबभाईची टोपी नीट करणारी बोटं तिला अजून दिसत होती. दुसऱ्या दिवशी ती उशीच्या खोळी आणायचं निमित्त काढून त्याच्याकडं गेलीच.

"भाईजान, वाईट वाटलं का वं त्या दिवशी?"

मेहबूबभाईनं दोरा दातानं तोडला. "थोडा लगा भाबी. हमारे बी घर में चार मतां हैं." मग तो हसला. "पन बाद में सोचा, अच्छाच हुआ. पूरे गल्ली में अब अपनाच मत खुल्ला है. तुम सब बंधे हुए."

सावित्रम्मा हसली, पण घरी येईपर्यंत हसू पुरलं नाही. ताटाबाहेर ठेवलेला माणूस मोकळा आणि ताटातले सगळे गठ्ठ्यात. हा कसला हिशेब?

सर निवडणूक कचेरीत तक्रार द्यायला गेले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात तीन पानी अर्ज, त्यात कलमांची यादी. दुपारी परत आले ते पेनासकट मलूल.

"काय झालं?"

"पुरावा मागतात. साक्षीदार मागतात. गल्लीतलं कुणी सही करेना."

"आन तुमी? तुमी होता की तितं."

"मी केली सही. पण तो साहेब म्हणाला…" सर थांबले. "पाणी दे गं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताट आलं तेव्हा तुम्ही स्वतः काय केलंत?"

सावित्रम्मानं पाणी दिलं आणि पुढचं विचारलं नाही. सर पाणी पिऊन आत गेले. पिवळ्या बोटाचा तो पेपर तिनं गादीखाली ठेवला होता, तो तिथंच राहू दिला.

तिचा प्रश्न सरांच्या प्रश्नापेक्षा लहान होता, म्हणून अवघड होता. सरांना देशभरातल्या सगळ्या मतांची चिंता. तिला एकाच मताची. शिवलीलाला दिलेला शब्द नळावरचा होता, चन्नवीरला दिलेला भंडाऱ्यावरचा. नळावरचा शब्द मनापासून दिला होता आणि भंडाऱ्यावरचा भिडेनं. तरी भारी दुसराच. यातून सुटायची एकच रीत तिला ठाऊक होती, ती लहानपणापासूनची. गळ्याची शपथ घाला, देवाची घाला, ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हटलं की शपथ सुटते. आईनं घातलेली आईनं सोडवायची, मैत्रिणीनं घातलेली मैत्रिणीनं. पण चन्नवीर कशाला म्हणतोय "सुटली"? हातचं मत कुणी सोडतं का?

आणि मतदान चार दिवसांवर आलं असताना चन्नवीरवर तीच वेळ आली.

सकाळी प्रचाराची रिक्षा गल्लीतून ओरडत गेली. पंख्याचं गाणं बंद, कपबशीचं चालू. चन्नवीरनं उदयसिंहला पाठिंबा जाहीर केला होता. बदल्यात त्याला काय मिळणार होतं यावर पानटपरीवर तीन मतं होती. चौथं मत असं की तिन्ही मिळणार. माघारीची तारीख केव्हाच उलटून गेली होती, त्यामुळे मशीनवर चन्नवीरचं नाव आणि पंखा दोन्ही जागच्या जागी.

सावित्रम्मा चुलीपुढं बसल्या बसल्या हसायला लागली.

"काय झालं वैनी?" सोनाबाई घाबरली.

"इकडं या सगळ्या. आज ते दोघं येत्याल. कुनी काय बी म्हनलं तरी एकच बोलायचं, आमी पंखाच दाबणार."

"आन कपबशी?"

"शपथ कुनाची हाय?"

सोनाबाईनं दोन भाकऱ्या थापेपर्यंत विचार केला आणि मग तिच्याही तोंडावर हसू उमटलं.

ते दोघं चारच्या सुमारास आले. उदयसिंह पुढं, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. चन्नवीर मागं, पायांत बूट. पाठिंबा देणाऱ्यानं अनवाणी चालायचं कारण नसतं.

"अक्का, माझं मत आता कपबशीला," चन्नवीर म्हणाला. "उदयसिंह म्हंजी मीच समजा. सगळ्यांनी कपबशी."

"न्हाय बाबा," सावित्रम्मा भाकरी उलटत म्हणाली. "आमी पंखाच दाबणार."

चन्नवीर हसला. "अक्का, पंखा आता बंद झाला."

"तुझा झाला आसंल. आमी भंडारा उचललाय. मत चन्नवीरलाच. तूच म्हनायला लावलंस की."

"पंखाच," सोनाबाई म्हणाली.

"पंखाच," बाकीच्या म्हणाल्या.

उदयसिंहनं चन्नवीरकडं बघितलं. त्या नजरेत पेट्रोलपंपावर माप कमी पडल्यावर गिऱ्हाईक बघतं तसं काहीतरी होतं. "तुम्ही तर म्हणालात, ही गल्ली हातात आहे."

"आहे की साहेब! लई पक्की हाय!"

"पक्की आहे, पण पंख्याला."

"अक्का," चन्नवीर उकिडवा बसला, "मी स्वतः सांगतोय ना? माझी शपथ, मीच ती ह्यांच्या नावावर करतोय."

"शपथ काय गॅसचं कार्ड हाय, नावावर करायला? भंडारा उचलताना ह्यांचं नाव घेतलं नव्हतं. आता कपबशी दाबली आन घरात काय इपरीत घडलं, तर तू येणार हायस निस्तरायला?"

"मग करू काय मी?"

सावित्रम्मानं हात पिठातून काढले, पदरानं कपाळ पुसलं. मनात उकळ्या फुटत होत्या, पण आवाज तिनं भाकरीसारखा कोरडा ठेवला.

"घातली त्यानं सोडवावी. सुटली म्हन."

"सुटली," चन्नवीर म्हणाला.

"असं न्हाय. ताट आणलं होतंस, ताट आण. देवासमोर घातली, देवासमोर सोडव. आन आमच्या एकट्या अंगणात न्हाय. गल्लीभर घातलीस. तो भोंगा हाय की रिक्षावर."

चन्नवीर उदयसिंहकडं बघायला लागला. उदयसिंहनं घड्याळाकडं बघितलं. पुढच्या गल्लीतही हेच ऐकावं लागणार हे दोघांनाही एकाच वेळी उमगलं असावं, कारण कार्यकर्ता ताट आणायला पळाला.

अशा रीतीनं त्या दिवशी गल्लीनं जे ऐकलं ते कुठल्याच निवडणुकीत कुणी ऐकलं नसेल. रिक्षाच्या भोंग्यातून चन्नवीरचा आवाज आला, "सर्व बंधू-भगिनींना कळवण्यात येतं की, माझी शपथ सुटली. सुटली. सुटली!" खिडक्या उघडल्या. माळवदावरून माणसं डोकावली. मेहबूबभाईनं मशीन थांबवली. आणि घराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या सिद्धप्पा सरांनी डोळे मिटून असा एक लांब श्वास सोडला, जसा पेन्शनची फाईल मंजूर झाल्यावरही सोडला नव्हता. सावित्रम्मानं तो श्वास बरोबर टिपला.

चन्नवीरनं कपाळाचा घाम पुसला आणि लगेच ताट पुढं केलं. धंदेवाईक माणूस, एक गिऱ्हाईक सोडलं तर दुसरं त्याच पावलावर धरायचं.

"हं अक्का, आता उचला. म्हना, मत कपबशीलाच."

सगळं अंगण सावित्रम्माकडं बघायला लागलं. आता मात्र तिचं हसू गेलं होतं. हात धुतलेले होते, पिठाची सबब नव्हती. ताटाला नाही म्हणायची सोय नसते, असं तीच इतकी वर्षं मानत आली होती. तिनं तसबिरीला हात जोडले.

"चन्नवीर, त्या दिवशी तू देवाला साक्षीला बोलावलंस. आज म्हनलास, जावा, काम झालं. आता त्याच पावली परत बोलवायलास. माझ्या घरी पावणा आसता आन मी त्याला असं केलं असतं, तर त्यानं माझ्या घरचं पाणी पिलं नसतं."

"अक्का, रीत असते ती…"

"मत माझं हाय, देव बी माझा हाय. दोनी तुझ्या ताटात कसं काय आलं?" तिचा आवाज चढला नव्हता, पण कार्यकर्त्याच्या हातातला भोंग्याचा माईक अजून चालू होता आणि तिचं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. "मत मागायचं तर माग की. नळाचं काय करणार सांग, गटारीचं सांग. आवडलं तर देईन, न्हाय तर न्हाय. देवाला मधी घालू नको. तो काय तुझा कार्यकर्ता न्हाय."

कुणीतरी माळवदावरून टाळी वाजवली. उदयसिंह हात जोडत जोडतच रिक्षाकडं सरकला. राजकारणात मुरलेला माणूस निघायची वेळ ओळखतो.

"ताट ठिवून जा," सावित्रम्मा म्हणाली. "देव दारात आलाय, तसाच कसा पाठवू?"

नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे आणि गूळ सगळ्या गल्लीत वाटला, आणि सावित्रम्मा पहिली वाटी घेऊन गेली ती मेहबूबभाईच्या दारात.

"ताट आलं बघा भाईजान."

"लेट आया," मेहबूबभाई खोबरं उचलत म्हणाला, "पन शपथ के बगैर आया. कडक है!"

मतदानाच्या दिवशी सावित्रम्मा नवं लुगडं नेसून शाळेत गेली. रांगेत सोनाबाई तिच्या पुढं, सर पुरुषांच्या रांगेत. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती एकटीच उभी राहिली. तीन बटणं पटापट दाबली. चौथ्या ठिकाणी बोट जरा थांबलं. वर पंखा होता, खाली कपबशी, त्याच्याखाली शिट्टी. आपल्या मागं कुणी उभं नाही, वर कुणी नाराज नाही, आणि आता जे करायचं ते आपलं आपण, हे तिला इतकं नवं वाटलं की ती क्षणभर तशीच राहिली. मग तिनं दाबायचं ते बटण दाबलं. मशीननं लांब शिट्टीसारखा आवाज काढला. मशीन सगळ्यांसाठीच तसा आवाज काढतं, पण तिला बरं वाटलं.

घरी येताना सर तिच्या शेजारून चालले होते. बोटावरची शाई पुन्हा पुन्हा बघत होते. त्यांची निवडणूक कचेरीतली तक्रार अजून कुठल्यातरी टेबलावर होती, पण मूड उत्तम होता.

"शेवटी विवेकाचा विजय झाला," ते म्हणाले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"व्हय. गादीखाली पेपर ठिवलाय, त्याला तुमच्या इवेकाचा पिवळा डाग हाय. बघा येकदा."

सर चार पावलं चालून खोकले. "ते… भिडेखातर. पोरगं पाया पडलं, काय करणार?"

"मी बी भिडेखातरच. म्हनून तर म्हनते, आपन दोघं येकाच ताटातले."

सर हसले, आणि हसता हसता त्यांना राहवेना. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बरं, चौथं बटण कुठलं दाबलंस? शिट्टीच ना?"

"गुप्त हाय."

"अगं, मला सांगायला काय हरकत आहे? मी नवरा आहे तुझा."

"नवऱ्याला सांगायचं आसं कायद्यात लिव्हलंय का?"

"सांग गं. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला…"

सावित्रम्मा रस्त्याच्या मधोमध थांबली आणि वळून त्यांच्याकडं बघायला लागली. पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाचा हात हळूच गळ्याशी गेला.

"सुटली," सर घाईघाईनं म्हणाले. "सुटली, सुटली!"